सतवास ते सागरकिनारा : आगगाडी आणि लाँच यांचा मेळ

देवास जिल्ह्यातील सतवास येथे रेल्वेस्थानक नाही. त्यामुळे कोकणकिनाऱ्यावर सुटी घालवू इच्छिणाऱ्या तेथील मराठी कुटुंबाचा प्रवास मोटारीने सुरू होतो, आगगाडीने वाढतो व लाँचने पुरा होतो. गाडीचे आरक्षण मिळविणे कठीण, म्हणून बहुधा गाडीची तारीख आधी ठरते आणि बोटीचा विचार मुंबईस पोचल्यावर होतो. ही रीत उलटी आहे. गाडी उशिराने का होईना, पोचविते. समुद्र खवळला तर लाँच सुटतच नाही. म्हणून नियोजनाचा आरंभ समुद्रापासून करावा.

गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा ही लाँचसेवा मे महिन्याच्या अखेरीस थांबते व सर्वसाधारणपणे सप्टेंबरच्या आरंभी पुन्हा सुरू होते. भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारीही वाहून नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. ती पावसाळ्यातही हवामान पाहून सोडली जाते. तथापि तिच्या भरवशावर जुलैचा बेत आखणे इष्ट नव्हे. पावसाळी निर्बंधांची निव्वळ अडचण मानणाऱ्यांनी १७ जुलै १९४७ हा दिवस आठवावा. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वाऱ्यालाटांच्या तडाख्याने उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ सहकुटुंब प्रवासास उत्तम होय.

तारीख ठरल्यावर आगगाडीकडे वळावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. सतवासकरांना दोन वाटा आहेत. इंदूरला जाऊन अवंतिका एक्सप्रेसने रात्रभरात मुंबई सेंट्रल गाठता येते. अथवा नेमावर-हंडिया येथे नर्मदा ओलांडून हरदा स्थानकावर पंजाब मेल पकडता येते. ही दुसरी वाट अनेकांच्या ध्यानात येत नाही. पंजाब मेल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थांबते व तेथून गेटवे जवळ पडतो. मांडव्याचा जलप्रवास सुमारे तासाभराचा असतो. काही कंपन्यांच्या तिकिटात पुढे अलिबागपर्यंतच्या बसचे भाडेही धरलेले असते. तिकीट घेताना विचारून घ्यावे.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. येथे माळव्यातील घरोघरी असलेले पंचांग उपयोगी पडते. कोकणातील जुना ठोकताळा असा की, तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे. येईल ती भरतीची अदमासे वेळ. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. मात्र अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फारसे ओसरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते दूरवर हटते, पण परततेही वेगाने. हा केवळ अंदाज आहे. किल्ल्यात शिरण्यापूर्वी पाणी केव्हा चढेल हे स्थानिकांस विचारावेच.

सवड असल्यास मुरूडपर्यंत जाऊन, राजपुरीहून होडीने जंजिरा पाहून, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी व दाभोळ-धोपावे या फेरीबोटींनी खाड्या ओलांडीत गुहागरला उतरता येते. या बोटींवर मोटारीही चढतात, त्यामुळे खाडीला वळसा घालण्याचे कष्ट वाचतात. परतीस चिपळूणहून कोकण रेल्वे आहे. रोहे ते मंगळूर हा तिचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला.

वृद्ध माणसे वा लहान मुले सोबत असल्यास मात्र अलिबागपुरताच बेत बरा. सामान थोडके असावे, कारण लाँचवर चढताना ते स्वतःच उचलावे लागते. परतीच्या लाँचच्या दिवशीच रात्रीची गाडी धरू नये. एक मुक्काम मुंबईत ठेवावा. म्हणजे लाँच रद्द झाली तरी वडखळ-पनवेलमार्गे रस्त्याने येऊन दुसऱ्या दिवशीची गाडी गाठता येते.