चिंपांझीला माणसाचा हिवताप का होत नाही?

गव्हावर तांबेरा पडतो आणि भुईमुगावरही तांबेरा पडतो. नाव एकच असले तरी दोन्हींच्या बुरशी वेगळ्या आहेत. गव्हावरचा तांबेरा शेजारच्या भुईमुगावर जात नाही. प्राण्यांच्या रोगांतही असेच घडते. आफ्रिकेच्या जंगलातील चिंपांझी व गोरिला हे याचे चांगले उदाहरण आहे. त्यांच्या रक्तातही हिवतापाचे परजीवी असतात. परंतु मेंदूचा हिवताप घडवून माणसाचा जीव घेणारा फॅल्सिपेरम जातीचा परजीवी त्यांच्यात सहसा टिकाव धरत नाही.

जुना प्रयोग

१९२० च्या सुमारास कॅमेरूनमध्ये रायशेनोव या शास्त्रज्ञांना वानरांच्या रक्तात फॅल्सिपेरमसारखेच दिसणारे परजीवी आढळले. १९२२ मध्ये ब्लॅकलॉक व अॅडलर यांनी सिएरा लिओनमध्ये चिंपांझीचे असे रक्त माणसाला टोचून पाहिले, पण हिवताप आला नाही. दिसायला सारखे असलेले हे परजीवी वेगवेगळे आहेत, हे यावरून लक्षात आले.

कुलूप आणि किल्ली

डास चावल्यावर परजीवी प्रथम यकृतात वाढतो व नंतर रक्तातील तांबड्या पेशीत शिरतो. ताप येतो तो या दुसऱ्या टप्प्यात. पेशीत शिरण्यासाठी परजीवीजवळ योग्य 'किल्ली' व पेशीवर तिला जुळणारे 'कुलूप' असावे लागते.

पेशीच्या पृष्ठभागावर सायलिक आम्ल नावाची शर्करा असते. चिंपांझी व गोरिलात तिचे दोन प्रकार आढळतात. त्यांतील एक प्रकार बनविणारे जनुक माणसात सुमारे २० ते ३० लाख वर्षांपूर्वी निकामी झाले. दोन प्रकारांत फरक केवळ प्राणवायूच्या एका अणूचा आहे. माणसाच्या परजीवीची एक किल्ली माणसाकडे उरलेल्या प्रकाराला अधिक चांगली बसते, असे २००५ मध्ये दाखविण्यात आले.

दुसरे कुलूप म्हणजे बेसिजिन हे प्रथिन. परजीवीचे 'आरएच-५' नावाचे प्रथिन त्याला चिकटल्याशिवाय फॅल्सिपेरमला पेशीत शिरता येत नाही. हे प्रथिन माणसाच्या बेसिजिनला घट्ट धरते. चिंपांझीच्या बेसिजिनवर त्याची पकड फार सैल असते व गोरिलाच्या बेसिजिनवर ती बसतच नाही, असे २०१३ मध्ये आढळले.

कुंपण कायमचे नसते

मग माणसाला हा रोग आला कोठून? २०१० मध्ये रानातील वानरांच्या विष्ठेचे हजारो नमुने तपासले, तेव्हा फॅल्सिपेरमचा पूर्वज गोरिलाचा परजीवी असल्याचे दिसले. म्हणजे किल्ली बदलली आणि रोगाने कुंपण ओलांडले. पिकातही हेच घडते. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या खोडावरील तांबेऱ्याच्या नव्या प्रकाराने गव्हाच्या अनेक प्रतिकारक वाणांचा प्रतिकार मोडला. आग्नेय आशियात तर माकडांचा नोलेसी हा हिवताप माणसांना होतो. म्हणून वाण असो वा प्राणी, प्रतिकारशक्ती आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

माणसातील प्रतिकार व त्याची किंमत

माणसातही काही नैसर्गिक प्रतिकार आहे. विदर्भात व नंदुरबार भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळालेली व्यक्ती 'वाहक' असते. तिला फॅल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते. परंतु पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला सिकलसेलचा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून अशा भागातील मुलामुलींची रक्ततपासणी लग्नापूर्वी अवश्य करावी. तसेच वाहकाला हिवताप होतच नाही, असे समजू नये.

आपण काय करावे?

आरएच-५ वर आधारित लसीच्या चाचण्या आफ्रिकेत झाल्या आहेत. वेगळ्या तत्त्वावरील, ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली व पुण्यात तयार होणारी आर-२१ लस २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी शिफारशीत केली. आपल्या शिवारात मात्र आजही पुढील उपायच कामाचे आहेत :

१. थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. भात लावणीच्या घाईत ताप अंगावर काढू नये.

२. औषधाचा पूर्ण क्रम घ्यावा. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

३. शेतात वा मचाणावर मुक्काम असल्यास कीटकनाशक भारित मच्छरदाणी वापरावी.

४. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत.

५. बेशुद्धी, झटके, कावीळ किंवा लघवीला काळसर रंग दिसल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

चिंपांझीला त्याच्या पेशीवरील कुलूप वाचविते. आपल्याकडे ते कुलूप नाही; आपले रक्षण वेळेवर केलेल्या तपासणीने व उपचारानेच होते.