एक रुपयाची झुणका-भाकर

माळेगाव बुद्रुक हे पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील गाव. ‘बुद्रुक’ हा शब्द ऐकून तुम्ही बुचकळ्यात पडाल. पण तो फारसीतील ‘बुजुर्ग’ या शब्दावरून आला आहे. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. येथे सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात ऊस तोडण्यासाठी दूरदूरचे मजूर या भागात येतात. दुपारी फडात त्यांनी फडके सोडले, की त्यातून भाकरी निघते. सोबत ठेचा, नाहीतर झुणका. कांद्याच्या फोडणीत हरभऱ्याच्या डाळीचे पीठ शिजवले, की झुणका झाला. हे कष्टकऱ्यांचे पोटभरीचे जेवण.

हेच जेवण १९९५ साली सरकारी योजनेत आले. तेव्हा मनोहर जोशी राज्याचे मुख्यमंत्री होते. गरिबाला एक रुपयात झुणका-भाकर मिळावी आणि बेकार तरुणांना धंदा मिळावा, असे योजनेचे दोन हेतू होते. शहरांत रस्त्यांच्या कडेला छोटी केंद्रे उभी राहिली.

योजना मग टिकली का नाही? मुलांनो, थोडा हिशोब करा. पीठ, तेल, जळण आणि मजुरी एवढा सगळा खर्च एका रुपयात कसा भागणार? म्हणून सरकार अनुदान, म्हणजे पैशांची मदत देत असे. तरीही झुणका-भाकरीत फायदा थोडाच होता. केंद्राची जागा मात्र मोक्याची होती. त्यामुळे अनेक केंद्रांत हळूहळू वडे, भजी असे पदार्थ विकले जाऊ लागले. पाटीवर झुणका-भाकर असे, ताटात नसे. १९९९ मध्ये सरकार बदलले आणि पुढे योजना बंद पडली. भाकर गेली, टपऱ्या मात्र कितीतरी ठिकाणी राहिल्या!

२६ जानेवारी २०२० रोजी ‘शिवभोजन’ योजना सुरू झाली. थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. ग्राहकाने द्यायचे दहा रुपये. शहरात एका थाळीची किंमत पन्नास रुपये धरली होती. वरचे चाळीस रुपये सरकारने द्यायचे होते. टाळेबंदीच्या काळात थाळी पाच रुपयांना आणि २०२१ मध्ये काही काळ मोफतही मिळाली. कामधंदा बुडालेल्या माणसांना तिचा मोठा आधार झाला, हे मान्य केलेच पाहिजे. खोट्या थाळ्या दाखवल्या जाऊ नयेत, म्हणून जेवणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र मोबाइलवर नोंदवण्याची पद्धतही ठेवली गेली.

पण येथेही हिशोब आडवा आला. शहरातील केंद्राने रोज शंभर थाळ्या दिल्या, तर सरकारकडून रोज चार हजार रुपये यायचे. ते महिनाभर थांबले, की एक लाख वीस हजार रुपये अडकले. किराणा दुकानदार इतके दिवस उधारी देईल का? अनुदान वेळेवर मिळत नाही, अशी तक्रार अनेक केंद्रचालकांनी केली.

तेव्हा योजना चालते की नाही, हे केवळ थाळ्यांच्या आकड्यावरून ठरवू नये. जेवणारा कोण आहे, हेही पाहावे. शिवभोजनाची वेळ दुपारी बारा ते दोन ठरली होती. ती बाजारातल्या हमालाला सोयीची आहे. ऊसतोड मजूर त्या वेळी गावापासून दूर, फडात असतो. केंद्र गावात असले, तरी त्याला फडक्यातलीच भाकरी सोडावी लागते.