काटक्यांची मोळी

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 27:27 ते 28:10

आमच्या नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) समुद्र नाही. मोठं पाणी म्हणजे राहुरीचं मुळा धरण. त्यामुळे संडेस्कूलमध्ये पौलाचं तारू फुटल्याची गोष्ट कितीदा ऐकली, तरी त्यातली भीती कधी पोचली नव्हती.

ती पोचली सिसिलीत. कंपनीच्या कामासाठी तिथे होतो. एका शुक्रवारी मेल आली: प्रोजेक्ट बंद, महिनाअखेर परत जा. पुढचं काही ठरलेलं नाही. घरी सांगायची हिंमत होईना. शनिवारी पोत्साल्लोहून माल्टाची बोट पकडली. पावणेदोन तासांत व्हॅलेटाचं बंदर आलं, दोन्हीकडे पिवळ्या दगडाचे उंच तट. 1878 मध्ये रशियाला धाक दाखवायला इंग्रजांनी मुंबईहून सुमारे 7,000 हिंदी सैनिक सुएझमार्गे माल्टाला आणले होते. त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. पुढे कुठे नेणार, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

बसने सेंट पॉल्स बेला गेलो. पौलाचं तारू तिथेच लागलं अशी परंपरा आहे. बेटावर एकही नदी नाही. नुसते रचलेल्या दगडांचे बांध आणि निवडुंगाची कुंपणं. मला तर पारनेरला आल्यासारखं वाटलं! खडकावर बसून 27वा अध्याय उघडला.

लूक किती बारीक लिहितो बघा. चौदावी रात्र. खलाशी पाण्याची खोली मोजतात: वीस वाव, थोडं पुढे पंधरा. वरामाकडून चार नांगर टाकतात. तारवावर 276 माणसं. गहूसुद्धा समुद्रात फेकून दिलेला. शेवटी तारू रुततं, मागचा भाग लाटांनी फुटतो, आणि पोहता येणारे पोहत, बाकीचे फळ्यांवर तरंगत किनाऱ्याला लागतात. वर पाऊस आणि थंडी.

मग 28वा अध्याय. बेटावरच्या लोकांना लूक ग्रीकमध्ये 'बार्बरोई' म्हणतो, म्हणजे आपली भाषा न बोलणारे परके. आणि हेच परके शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ बोलावतात. कैद्यांनासुद्धा.

मी थांबलो ते तिसऱ्या वचनावर. पौल काटक्या गोळा करत होता. इतकी वर्षं माझं लक्ष थेट त्या सापावर जायचं, काटक्या निसटायच्याच. तारू गेलं, सामान गेलं, रोममध्ये खटला उभा आहे, आणि हा माणूस आधी दुसऱ्यांनी पेटवलेल्या आगीजवळ येतो, मग तिच्यासाठी सरपण वेचतो. लोक त्याला आधी खुनी ठरवतात, घटकाभरात देव म्हणतात. पुढे तो पुब्ल्याच्या तापाने पडलेल्या बापासाठी प्रार्थना करतो, त्याच्यावर हात ठेवतो. तीन महिने तिथे काढले, पण लूकने त्या मुक्कामातलं पौलाचं एकही भाषण नोंदवलेलं नाही. मला हे फार विलक्षण वाटतं.

त्या संध्याकाळी बंदरावरून घरी फोन लावला. सगळं सांगितलं. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "जेवलास का?"

नगरला परतल्यावर चारेक महिने काम नव्हतं. शेजारच्या काकू भाकरी-कालवण पाठवायच्या आणि मी दार उघडायला आईला पुढे करायचो. शेवटी एकदा स्वतः दार उघडलं, डबा घेतला. त्याच आठवड्यात पाळकसाहेबांकडे गेलो. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या वाळवीने खाल्लेल्या. रोज वीस पानं कॉम्प्युटरवर चढवायला बसलो. काही अक्षरं लागायची नाहीत, तेव्हा काकूंना विचारायचो. त्यांच्या आजीचं नाव तिसऱ्या वहीत सापडलं.

उद्या 28:11 पासून पुढे वाचू.