शेवटचा तुकडा भाजीला

विळीवर बोट कापलं की चीर पडते. दोन कडा जुळवून डॉक्टर टाके घालतात आणि आठवड्याभरात बोट कामाला लागतं. वेफर्सच्या किसणीवर तसं होत नाही. ती बटाट्याची जशी चकती काढते तशीच बोटाचीही काढते, आणि चकती गेली तिथे जुळवायला कडाच उरत नाहीत. माझ्या उजव्या अंगठ्याचं टोक असं गेलं. जखम भरायला बरेच आठवडे लागले. तिथली कातडी आजही गुळगुळीत आणि थोडी बधिर आहे. साडीला पिन लावताना ते जाणवतं, आणि रेशन दुकानातल्या मशीनवर ठसा द्यायची वेळ आली की दुसरं बोट पुढे करावं लागतं.

वाळवणाचे दिवस होते. जाऊबाई बटाटे सोलत होत्या, मी पातेल्यावर किसणी आडवी टाकून चकत्या पाण्यात पाडत होते. किसणीला होल्डर होता, पण तीन आखूड प्लास्टिकच्या खुंट्यांचा. बटाटा मोठा असेपर्यंत त्यांनी तो धरला. तो दोन बोटं जाडीचा उरला, पाट पिठूळ पाण्यानं निसरडा झाला होता, तुकडा खुंट्यांवरून सुटून गर्रकन फिरला आणि त्या झटक्यात हात तसाच पुढे गेला. दुखलं नाही. पातेल्यातलं पांढरं पाणी गुलाबी झालेलं जाऊबाईंनी आधी पाहिलं.

विळीला आपण लहानपणापासून सरावलेलो असतो. तिचं पातं समोर दिसतं, त्याच्याकडे बघूनच हात चालतो. किसणी म्हणजे उलटा ठेवलेला सुताराचा रंधा. पातं खाली, वस्तू वर, आणि वस्तूच्या आड ते पूर्ण झाकलेलं. हाताचा सगळा जोर पात्याच्याच दिशेनं जातो. एकदा लय लागली की हात आपोआप पुढे-मागे होतो, आणि दर फेरीला बोटं पात्याच्या एका चकतीएवढी जवळ येत जातात. म्हणून बहुतेक वेळा बोट सापडतं ते बटाट्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. हे एवढं ध्यानात आलं की किसणी कशी निवडायची आणि कशी वापरायची, दोन्ही आपोआप ठरतं.

दुकानात गेल्यावर आपण पात्याची धार बघतो आणि किती प्रकारचं कापता येतं ते विचारतो. माझं म्हणणं आहे की आधी होल्डर मागा. तो हातात घेऊन उलटा करा. त्याच्या खुंट्या धातूच्या आणि लांब असाव्यात, म्हणजे बटाट्यात खोल रुततील. कड इतकी रुंद हवी की पंजा वर ठेवल्यावर एकही बोट बाहेर डोकावणार नाही. तो पाटाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत बसून सरळ सरकला पाहिजे. नुसता वर ठेवायचा होल्डर तिरका होतो आणि तिरका झाला की घात करतो. वरचा दांडा दाबला की बटाटा आपसूक खाली सरकेल अशी सोय असेल तर फारच चांगलं, कारण मग शेवटपर्यंत हात पात्यापासून तेवढाच लांब राहतो.

मग पाट. मधोमध अंगठ्यानं दाबून पाहा. वाकत असेल तर घेऊ नका. एका चौकटीत पाच-सहा पाती बदलून बसवायचे जे स्वस्त संच मिळतात, त्यांच्यात हाच दोष असतो. चौकट लवते, बटाटा मध्येच अडकतो, आपण जोर लावतो, आणि अडकलेला बटाटा अचानक सुटतो. पायांना किंवा कडेला रबर हवं. पातेल्याच्या काठावर अडकवायची खाच असली तर ती आपल्या पातेल्याला बसते का, हे घरी येऊन बघण्यापेक्षा दुकानातल्याच एखाद्या भांड्यावर बघून घ्या. जाडी कमी-जास्त करायचा खटका असेल तर तो शून्यावर नेल्यावर पातं पाटाच्या पातळीत येऊन बंद झालं पाहिजे. ठेवताना आणि पुसताना त्याचा मोठा उपयोग होतो.

सरळ किंवा तिरकं पातं बटाटा, काकडी, मुळा, कोबी यांना पुरतं. टोमॅटोसारख्या मऊ गराच्या भाजीला इंग्रजी व्ही अक्षरासारखं पातं बरं, कारण ते दोन्ही बाजूंनी शिरतं आणि भाजी चेंगरत नाही. डब्यासारख्या बंद किसण्याही आता मिळतात. भाजी नळीतून आत ढकलायची आणि वरून दांडा दाबायचा, पात्याला हात लागायचा प्रश्नच नाही. त्यांची नळी अरुंद असते, मोठा बटाटा अर्धा करून घालावा लागतो, वेफर्स लहान होतात. पण घरात म्हातारं माणूस किंवा मदतीला उत्साही मुलं असतील तर मी तीच घ्यायला सांगेन.

हातमोज्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात फसगत होते. भांडी घासायचे रबरी मोजे इथे काडीचेही कामाचे नाहीत, पातं त्यातून आरपार जातं. काचेचं आणि पत्र्याचं काम करणारे लोक जे विणलेले, सहज कापले न जाणारे मोजे घालतात, तेच हवेत. त्यांच्यावर ‘ईएन ३८८’ असं मानक छापलेलं असतं आणि खाली चार आकडे व एक अक्षर असतं. ते अक्षर कापण्याला होणारा विरोध सांगतं. ए सर्वांत कमी, एफ सर्वांत जास्त. किसणीसाठी डी किंवा त्यापुढचं घ्यावं असं माझं मत आहे. मोजा हाताला घट्ट बसला पाहिजे, बोटांच्या टोकाला लोंबणारं कापड पात्यात ओढलं जातं. विणीतून सुई किंवा खुंटी आरपार जाऊ शकते, तेव्हा तो घातला म्हणून होल्डर बाजूला ठेवायचा नाही.

आता प्रत्यक्ष काम. बटाट्याचं एक टोक सुरीनं सपाट कापा, म्हणजे तो पाटावर डगमगणार नाही. होल्डर दुसऱ्या टोकात नीट रुतवा. मोजा असला तरी पंजा सपाट ठेवा, बोटं वर उचललेली. सरळ रेषेत ढकला, खाली दाबू नका. पातं धारदार असेल तर बटाट्याला जोर लागत नाही, जोर लागायला लागला की धार गेली असं समजून पातं बदला. बोथट पात्यावर हात जास्त घसरतो. अधूनमधून पाट आणि होल्डर पुसून घ्या, पिष्टाचा थर निसरडा असतो. आणि बटाटा अंगठ्याच्या जाडीइतका उरला की थांबा. तो तुकडा बाजूच्या परातीत टाका. दहा किलोंच्या वेफर्समागे असे बरेच तुकडे जमतात, आमच्याकडे त्यांची त्याच दुपारी जिरं-मिरची घालून भाजी होते. बटाटा वाया जाईल म्हणून शेवटची चकती काढायचा मोह आपल्या काटकसरी बायकांना फार होतो, आणि बोटं नेमकी तिथेच जातात.

दमल्यावर किसणीवर बसू नका. पहाटे उठून वेफर्स घालायचे असतील तर काम वाटून घ्या, थोड्या वेळानं किसणीवरचं माणूस बदला. त्या माणसाशी गप्पा मारायच्या नाहीत, त्याच्या हाती फोन द्यायचा नाही.

अनेकदा कापतं ते किसताना नव्हे, धुताना. फेसाच्या पाण्यात बुडालेलं पातं दिसत नाही. म्हणून किसणी कधीही खरकट्याच्या ढिगात टाकू नये. वापरणाऱ्यानं तिथल्या तिथे, वाहत्या पाण्याखाली, जुन्या टूथब्रशनं पात्याच्या पाठीकडून धारेकडे घासून धुवावी, कोरडी करावी, खटका शून्यावर न्यावा आणि मूळ खोक्यात ठेवावी. भांडी घासायला येणाऱ्या ताईंच्या पुढ्यात ती टाकणं मला अन्यायाचं वाटतं. हात कापला तर त्यांच्या चार घरांची कामं बुडतात आणि ते पैसे त्यांना कुणी देत नाही.

कापलंच, तर हळद, कॉफी, चुना, काहीही भरू नका. डॉक्टरांना ते सगळं आधी धुऊन काढावं लागतं आणि दुखतं ते आपल्यालाच. स्वच्छ रुमाल जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. दहा-पंधरा मिनिटं सलग दाबायचं, मध्ये उघडून बघायचं नाही. बघितलं की धरू लागलेली गुठळी सुटते. बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. बोटाला रबर किंवा दोरी आवळून बांधू नका. एवढं करूनही रक्त थांबलं नाही, नख किंवा हाड उघडं पडलं, बोट वाकेना किंवा बधिर झालं, तर लगेच दवाखाना गाठा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह असेल तर जखम लहान दिसली तरी जा. मोठा तुकडा निघाला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्या. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. आणि ज्या पातेल्यात रक्त पडलं त्यातल्या सगळ्या चकत्या टाकून द्या, धुऊन घेऊ नका.

तुमच्या घरात होल्डर हरवलेली किंवा मोडलेली किसणी असेल तर आजच ती काढा. पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वरून चिकटपट्टी मारा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘धारदार’ लिहा आणि मगच भंगारात द्या. कुणालाही वापरायला देऊ नका.