अँटिबॉडी ‘निगेटिव्ह’, लस वाया गेली का?

प्रश्न : कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतले. करोना कधी झाला नाही. जळगावच्या लॅबमध्ये सहज अँटिबॉडी तपासल्या, तर ‘निगेटिव्ह’! लस फुकट गेली का?
– एक वाचक, नशिराबाद

उत्तर : मुळीच नाही. आधी रिपोर्टवर बारीक अक्षरांत कोणत्या प्रथिनाचं नाव आहे ते बघा. ‘न्यूक्लिओकॅप्सिड’ असेल, तर निगेटिव्हच अपेक्षित आहे. कोविशिल्ड शरीराला विषाणूचं फक्त ‘स्पाइक’ प्रथिन दाखवते. (कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, तिथे गोष्ट वेगळी.) नाव ‘स्पाइक’ असलं तरी घाबरू नका. रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरू लागतात, स्मृतिपेशी मात्र टिकून राहतात आणि विषाणू पुन्हा आला की नव्या अँटिबॉडी लवकर तयार होतात. टी-पेशी तर या चाचणीत दिसतच नाहीत.

मग ही चाचणी कशासाठी? मे-जून २०२० मध्ये आयसीएमआरने ७० जिल्ह्यांत लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासणारं सिरो सर्वेक्षण केलं, त्यात आपला जळगावही होता. तेव्हा देशात जेमतेम ०.७३ टक्के प्रौढांना संसर्ग होऊन गेलेला आढळला. साथ किती पसरली हे मोजायला ही चाचणी उत्तम; धडधाकट माणसाने हौसेने करणं म्हणजे, माझ्या मते, पैशांची नासाडी. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारावं.