वॉशिंग मशीन दुरुस्ती : पार्ट नाही, आधी निदान विका



वॉशिंग मशीन दुरुस्तीचा व्यवसाय करायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "सर, पार्ट कुठून आणायचे?" तो प्रश्न नंतरचा. आधी स्वतःला विचारा, बिघाड नेमका कुठे आहे हे मला पंधरा-वीस मिनिटांत शोधता येतं का? ग्राहक पैसे देतो ते त्याचेच.

मनीषनगरचंच उदाहरण घ्या. वर्धा रोडपासून बेसाकडे जाताना फ्लॅट स्कीमला लागून फ्लॅट स्कीम. एका स्कीममध्ये वीस फ्लॅट असले तर जवळपास तेवढ्याच मशीन. म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या आतच भरपूर काम आहे. पण प्रत्येक स्कीमचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. एका घरी चुकीचा पार्ट बदलला, तर संध्याकाळपर्यंत वीस घरांना कळतं. चांगलं कामही तसंच कळतं.

एक तक्रार घेऊ

समजा, चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरून एका काकूंचा फोन आला, "भाऊ, मशीन पाणीच नाही घेऊन राहिली."

लगेच गाडी काढू नका. फोनवर चार गोष्टी विचारा : मशीन टॉप लोड की फ्रंट लोड, वॉरंटी बाकी आहे का, नळाला पाणी आहे का, आणि स्क्रीनवर कोणता कोड दिसतो. वॉरंटी बाकी असेल तर कंपनीकडे तक्रार करायला सांगा. तुम्ही हात लावला तर त्यांची वॉरंटी जाऊ शकते. आजचं काम गेलं तरी चालेल. खरा सल्ला देणारा माणूस लोक विसरत नाहीत.

घरी गेल्यावर तपासणी फुकटच्या गोष्टीपासून महागड्या गोष्टीकडे न्यायची. क्रम असा :

१. नळ. मशीनचा पाइप काढून नळाखाली बादली धरा. धार बारीक असेल तर दोष मशीनचा नाही. वरच्या मजल्यावर हे जास्त दिसतं. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा फक्त ३ मीटर उंच असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास. मशीनला लागणारा किमान दाब पुस्तिकेत दिलेला असतो, तो बघा. दाब कमी पडत असेल तर उपाय प्रेशर पंपाचा, नवीन वॉल्व्हचा नाही.

२. जाळी. नळ बंद करा, प्लग काढा. पाइप जिथे मशीनला जोडतो तिथे आत छोटी जाळी असते. बोअरवेलचं पाणी असेल तर तिच्यावर पांढरा क्षार आणि रेती साचते. पक्कडीने हळूच ओढून काढा, व्हिनेगरमध्ये भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा.

३. दार. फ्रंट लोडमध्ये दार नीट लॉक झालं नाही तर मशीन पाणी घेत नाही. रबरात अडकलेला मोजासुद्धा कारण असू शकतो.

४. वॉल्व्हची कॉइल. प्लग काढलेलाच ठेवा. कॉइलच्या वायर काढून मल्टिमीटर ओहमवर लावा. २३० व्होल्टच्या वॉल्व्हला साधारण ३ ते ५ किलोओहम दिसतात. रीडिंगच येत नसेल तर कॉइल तुटली, वॉल्व्ह बदला.

५. प्रेशर स्विचची नळी. ती चोंदली असेल तर पाणी आधीच भरलंय असं मशीनला वाटतं.

पीसीबीचं नाव यानंतर काढायचं. पण अनेक नवशिके सुरुवातच तिथून करतात, आणि ग्राहक कायमचा जातो.

दुसरी नेहमीची तक्रार

सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर गुणगुणतो, पण फिरत नाही. चालू ठेवून बघत बसू नका, मोटरचं वाइंडिंग जळेल. प्लग काढा, ड्रायर हाताने फिरवा. जड लागला तर कपडा अडकलाय किंवा ब्रेक सुटत नाही. सहज फिरला तर पहिला संशय कपॅसिटरवर. तो प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. आधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा, मल्टिमीटरवर व्होल्टेज शून्य बघा, मगच हात लावा. मायक्रोफॅरड त्यावर लिहिल्यापेक्षा बरेच कमी भरले तर बदला. नवीन कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्या.

अर्थिंग बघितल्याशिवाय घर सोडू नका

मशीन ओल्या जागी असते. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट येतात. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच यायला हवेत. येत नसतील तर इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगा, आणि तोवर मशीन वापरू नका असं स्पष्ट बजावा. हीटरवाली मशीन साध्या एक्स्टेन्शनवर दिसली तरी टोका. २००० वॉटचा हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट लागतं.

आता पैशांचं

काकूंच्या मशीनची जाळीच चोंदलेली निघाली. दहा मिनिटांत काम झालं. आता मनात येणार, "वॉल्व्ह बदलला म्हटलं तर यांना काय कळणार?" मित्रांनो, तुमचा व्यवसाय इथेच ठरतो.

तपासणीचे पैसे फोनवरच सांगून ठेवा. समजा तुम्ही ३०० रुपये ठरवले, तर जाळी निघो की वॉल्व्ह, ३०० घ्यायचेच. लाजायचं नाही, ते तुमच्या ज्ञानाचे आहेत. जाळी काकूंच्या हातात द्या, ती कशी साफ करायची ते दाखवा. त्यांना वाटेल, यानं आपल्याला फसवलं नाही. पुढच्या वेळी मोठं काम निघालं की फोन तुम्हालाच येईल.

पार्ट बदललाच तर जुना पार्ट ग्राहकाला द्या. बिलावर पार्टची किंमत वेगळी, मजुरी वेगळी लिहा, आणि कामाची हमी किती दिवसांची तेही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. स्वतःची आणि ओळखीच्या चार घरांतली मशीन तपासा, पार्ट न बदलता. प्रत्येकीचं लिहा : नळाची धार, जाळीची अवस्था, अर्थिंगचं रीडिंग. पाच मशीन झाल्या की वही वाचा. किती ठिकाणी पार्टची गरजच नव्हती ते तुम्हालाच दिसेल.

चला, वही उघडा आणि कामाला लागा!