परमुलखातील ठकबाजी : बँकॉकचे एक उदाहरण

परदेशगमन ही आता केवळ श्रीमंतांची मिरास राहिलेली नाही. आमच्या तालुक्यातूनही लोक बँकॉक, सिंगापूर पाहून येतात. मी स्वतः अद्याप देशाची सीमा ओलांडलेली नाही. परंतु माझे मामेभाऊ बँकॉकला जाऊन आले. त्यांनी सांगितलेली हकीकत मी वाचनातून पडताळून पाहिली, तेव्हा तीत आपणा विद्यार्थ्यांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे असे वाटले.

बँकॉकचा ‘ग्रँड पॅलेस’ हा राजवाडा १७८२ सालापासूनचा. पाचूच्या बुद्धाचे प्रसिद्ध मंदिर त्याच आवारात आहे. राजवाड्याच्या लांबलचक भिंतीजवळ नीटनेटक्या पोशाखातील एक गृहस्थ प्रवाशाला अदबीने सांगतो, “आज धार्मिक विधी आहे, राजवाडा बंद आहे. तोवर दुसरी मंदिरे पाहून या.” लगेच एक टुकटुक, म्हणजे तिकडची तीनचाकी रिक्षा, हजर होते. भाडे अगदी नाममात्र! वाटेतील एका शांत मंदिरात दुसरा एक सज्जन भेटतो. बोलता बोलता तो सांगतो की, सरकारी सवलतीत रत्ने मिळण्याचा आजचा शेवटचा दिवस आहे. मायदेशी विकली तर दुप्पट पैसे येतील. मग टुकटुक थेट जवाहिऱ्याच्या दारात थांबते.

रत्ने बहुधा खरीच असतात, पण हलक्या प्रतीची. किंमत मात्र कितीतरी पट घेतलेली असते. कित्येकदा दुकानदार ती टपालाने परस्पर घरी पाठवतो, म्हणजे पारख होईपर्यंत प्रवासी परत गेलेला असतो. टुकटुकवाल्याला दुकानाकडून दलाली मिळते. स्वस्त भाड्याचे रहस्य ते हेच.

आता प्रश्न असा की, शहाणी माणसेही येथे का फसतात? केवळ लोभाने, असे म्हणणे अपुरे आहे. एकमेकांना न ओळखणारी तीन माणसे एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती खरी असावी असे मनाला वाटते. वस्तुतः ते तीन साक्षीदार नसून एकाच साक्षीदाराची तीन तोंडे असतात. माझे वडील शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण बैलबाजारात ते नेहमी सांगतात, “तिघा अनोळखी माणसांनी एकाच बैलाची तारीफ केली, की त्या दावणीला जाऊ नये.” हे तर्कशास्त्र मला पुस्तकात नंतर भेटले.

दुसरे कारण आपली भीड. इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाला चालता चालता मुद्दाम ब्रश पाडतो. आपण तो उचलून दिला, की उपकार फेडण्याच्या निमित्ताने तो बूट चमकवतो आणि मग पैसे मागतो. पॅरिसमध्ये कोणी ‘सापडलेली’ सोन्याची अंगठी आपल्या हाती देते. ती असते पितळेची. दोन्ही ठिकाणी भांडवल एकच : आपला चांगुलपणा.

यावर उपाय साधे आहेत. राजवाडा बंद असल्याचे कोणी सांगितले, तर सरळ मुख्य दरवाजापर्यंत चालत जावे. तो एरवी रोज सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत उघडा असतो. मामेभावांनी हेच केले. दरवाजा उघडा होता! टॅक्सीत बसण्यापूर्वी मीटर टाकण्यास सांगावे. ज्या वस्तूची पारख आपल्याला नाही, ती ‘आज शेवटचा दिवस’ म्हणून कधीही घेऊ नये. अडचण आल्यास पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

मात्र यावरून त्या नगरीतील सर्वांनाच ठक समजणे अन्यायाचे होईल. मामेभावांना रस्ता दाखवण्यासाठी एक फळवाली बाई आपली गाडी सोडून कोपऱ्यापर्यंत आली होती, आणि तिने काहीही मागितले नाही. फरक एवढाच की, तिला त्यांनी विचारले होते. भिंतीजवळचा गृहस्थ मात्र आपणहून आला होता. आपण ज्याला निवडतो तो आणि जो आपल्याला निवडतो तो, यांतील भेद ओळखावा. आमच्यासारख्या घरांत परदेशवारीचा पैसा वर्षानुवर्षे गाठीला बांधून साठवलेला असतो. तो जपण्यासाठी माणुसकी सोडावी लागत नाही. दरवाजापर्यंत चालत जाण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.